रंगकामाची फळी नेमकी कुठे दगा देते?

घराला रंग काढायचा ठरला की कुठल्या खोलीला कोणती छटा यावर घरात चार-चार दिवस चर्चा होते. रंगारी कशावर उभा राहून रंग देणार, हा विषय मात्र कुणी काढत नाही. पहिल्या दिवशी दोन घोड्या येतात, त्यांवर एक फळी पडते, माणूस वर चढतो आणि काम सुरू होतं. मग कधीतरी बातमी वाचायला मिळते: रंगकाम करताना परांचीवरून पडून एकाचा मृत्यू. कारण एका ओळीत दिलेलं असतं, 'फळी तुटली' किंवा 'तोल गेला'. पुढे कुणी विचारत नाही.

मी हा विषय मनावर घेतला तो आमच्या जिन्यामुळे. जिन्याच्या उंच भिंतीवरची लांबी (रंगाआधी भरलेली पुट्टी) घासणारा मुलगा फळीच्या टोकाकडे दोन पावलं सरकला आणि फळीचं दुसरं टोक माझ्या डोळ्यांदेखत वीतभर वर उचललं गेलं. तो घाबरून मागे आला, टोक पुन्हा घोडीवर धप्पकन आदळलं. फळीला काहीही झालं नव्हतं. जाड, सरळ, नवीकोरी फळी होती ती. सकाळी मीच तिच्यावर हात आपटून 'मजबूत आहे' म्हणालो होतो. फळी मजबूत आहे का हे मी पाहिलं होतं, ती कुठे आणि कशी टेकली आहे हे पाहिलंच नव्हतं. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी तीन-चार शब्द

उंचावर काम करण्यासाठी उभारलेला तात्पुरता सांगाडा म्हणजे परांची. कुणी त्याला पहाड म्हणतं, कुणी पाड. फळी ज्यावर टेकते तो टेकू, मग ती घोडी असो, शिडीची पायरी असो की पाइप. दोन टेकूंमधलं मोकळं अंतर म्हणजे गाळा. आणि टेकूच्या पुढे बाहेर आलेला फळीचा तुकडा म्हणजे मोकळं टोक. एवढ्या शब्दांवर पुढचं सगळं समजेल.

फळी लवते तेव्हा आत काय चालतं

एक खोडरबर घ्या आणि दोन्ही टोकांना धरून वाकवा. वरची बाजू दाबली जाऊन तिला सुरकुत्या पडतात, खालची बाजू ताणली जाते. फळीवर माणूस उभा राहिला की हेच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. लाकूड तुटायला लागतं ते बहुधा या ताणलेल्या खालच्या बाजूने. म्हणून फळी तपासताना उलटी करून पाहायची असते. वरून सुरेख दिसणाऱ्या फळीच्या पोटाला मध्यावर मोठी गाठ असेल, किंवा लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने सरळ न धावता तिरक्या कडेला बाहेर पडत असतील, तर ती फळी उभं राहण्यासाठी नाही.

आता गाळ्याचं बघू. ९ इंच रुंद, दीड इंच जाड, मध्यम प्रतीच्या लाकडाची फळी समजा. टेकू ८ फुटांवर ठेवले आणि ७० किलोचा माणूस मध्यभागी उभा राहिला, तर ती साधारण पाऊण इंच लवेल. मग कुणीतरी म्हणतं, घोडी जरा लांब सरकवू, म्हणजे सारखी हलवायला नको. तसलीच पण लांब फळी घेऊन गाळा १२ फुटांचा केला. अंतर दीडपट झालं, म्हणून लवणंही दीडपट होईल असं वाटतं. प्रत्यक्षात ते अडीच इंचांच्या पुढे जातं, सव्वातीनपटीहून जास्त. मध्यावर उभ्या माणसाच्या वजनाने फळी किती लवेल, हे गाळ्याच्या घनावर अवलंबून असतं: गाळा दुप्पट, तर लवणं आठपट.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत यासाठी लक्षात ठेवायला सोपी मर्यादा आहे: भार आल्यावर फळी गाळ्याच्या साठाव्या भागापेक्षा जास्त लवता कामा नये. ८ फुटांच्या गाळ्याला ही मर्यादा १.६ इंच येते. आपली फळी तिथे निश्चिंत आहे. १२ फुटांना मर्यादा २.४ इंच, आणि फळी तिच्या पुढे गेलेली. त्यात अजून रंगाची बादली धरलेली नाही.

लवलेली फळी लगेच तुटते असं नाही. पण ती पायाखाली हिंदकळते, आणि हिंदकळणाऱ्या फळीवर माणूस भिंतीकडे लक्ष देऊ शकत नाही. शिवाय फळी लवली की तिची टोकं टेकूवर तिरकी होतात आणि हळूहळू आत ओढली जातात. हे आत ओढलं जाणं लक्षात ठेवा, जिन्यापाशी पुन्हा येणार आहे.

'मग दोन फळ्या एकावर एक ठेवू'

हा उपाय फार लोकप्रिय आहे, आणि तो वाटतो तितका कामाचा नाही. शंभर पानी वही हातात घेऊन वाकवा. सहज वाकते, कारण प्रत्येक पान शेजारच्या पानावरून सरकतं. तीच पानं डिंकाने एकमेकांना घट्ट चिकटवून वाळवली तर पुठ्ठ्यासारखी टणक होतील. जाडी तेवढीच, फरक फक्त सरकण्याचा.

दीड इंची दोन फळ्या सुट्ट्या एकावर एक ठेवल्या तर ताठरपणा दुप्पट होतो. सलग ३ इंच जाडीची एकच फळी असती तर तो आठपट झाला असता. फायदा होतो, पण आपल्या मनात असतो त्याच्या पावपट. वर दोन फळ्या एकमेकींवरून घसरण्याचा नवा धोका आपणच तयार करतो.

दुसरी फळी हाताशी असेल तर ती पहिलीच्या शेजारी टाका. ९ इंचांच्या दोन फळ्या मिळून १८ इंच रुंदी होते, आणि परांचीवरच्या उभं राहायच्या जागेसाठी त्याच अमेरिकी नियमांत सर्वसाधारण किमान रुंदी १८ इंचच आहे. ९ इंच म्हणजे जेमतेम एका पावलाची लांबी. ९ इंचांवर माणूस भिंतीसमोर पाय जुळवून उभा राहू शकतो, वळू शकत नाही. बादलीतून रोलर उचलायला त्याला वळावं तर लागतंच. फक्त शेजारच्या फळ्या खालून आडपट्टी ठोकून एकत्र बांधायला हव्यात. नाहीतर ज्या फळीवर वजन आहे ती लवते, शेजारची तशीच राहते, आणि मध्ये तयार झालेल्या छोट्या पायरीला पायाचं बोट अडकतं. दोन फळ्यांमध्ये इंचापेक्षा जास्त फट नको.

टोकाचा सी-सॉ

आता आमच्या जिन्यातलं गणित. फळी १२ फुटी होती आणि अशा फळीचं वजन साधारण १६ किलो भरतं. गाळा ८ फुटांचा. एका बाजूला मोकळं टोक १ फूट, दुसऱ्या बाजूला ३ फूट. कारण एवढंच की फळी तेवढी लांब होती आणि घोडी पलीकडे सरकवायला जागा नव्हती.

लांब टोकाकडचा टेकू म्हणजे सी-सॉची खीळ. खिळीच्या आतल्या बाजूला फळीचं स्वतःचं वजन आहे. ते फळीच्या मध्याशी एकवटलंय असं धरलं तर टेकूपासून ३ फूट आत: १६ गुणिले ३, म्हणजे ४८. बाहेरच्या बाजूला ७० किलोचा माणूस. ४८ ला ७० ने भागलं की जवळपास ०.७ फूट येतात, म्हणजे तो ८ इंच बाहेर गेला की हिशोब बरोबरीत येतो. नवव्या इंचाला फळी उलटू लागते. मोकळं टोक ३६ इंचांचं दिसतं, त्यातलं पायाखाली चालणारं फक्त ८ इंच.

मला या गणितातलं सगळ्यात भयंकर हे वाटतं की वर उभ्या माणसाला कुठलीही सूचना मिळत नाही. फळी कुरकुरत नाही. मध्यावर उभं असताना जेवढी ती लवत होती, तेवढीही टोकाशी लवत नाही, उलट टेकूजवळ आल्यावर पायाखाली जास्त घट्ट वाटते. माणूस मान वर करून छताची कड रंगवत असतो आणि पाय आपोआप बाजूला सरकत असतात. फळीच्या मजबुतीचा इथे काही उपयोग नाही. किंबहुना लांब, जाड, भरवशाची फळी असली की माणूस टोकापर्यंत बिनधास्त जातो.

उपाय सोपा आहे. ८ फुटांच्या गाळ्याला १२ फुटी फळी आणायचीच नाही. ९ फुटांची आणून दोन्हीकडे सहा-सहा इंच बाहेर ठेवली, तर हाच माणूस अगदी टोकावर गेला तरी ती उलटत नाही. ते अमेरिकी नियमही याच सुमाराचे आहेत: फळी पक्की अडकवलेली नसेल तर ती टेकूच्या पुढे किमान ६ इंच यायलाच हवी, नाहीतर घसरून आत पडेल. आणि १० फुटांपर्यंतच्या फळीचं मोकळं टोक १२ इंचांपेक्षा, त्याहून लांब फळीचं १८ इंचांपेक्षा जास्त नको, किंवा मग तिथपर्यंत माणूस जाऊच नये असा अडसर हवा. कमी टोक ठेवलं तर घसरते, जास्त ठेवलं तर उलटते.

'दुसरं टोक दोरीने बांधलं की झालं' असंही म्हणतात. बांधावं जरूर. पण ते कशाला बांधलंय ते पाहा. हलक्या घोडीला बांधलं असेल तर फळीबरोबर घोडीही उचलली जाईल.

जिना: सगळ्यात अवघड जागा

जिन्यात एक टेकू वरच्या पायरीवर असतो आणि दुसरा बहुतेक वेळा शिडीवर. दोन्ही टेकू वेगळ्या जातीचे. शिडीची पायरी गोल दांडीची असेल तर फळी एका रेषेवर टेकते आणि डुगडुगते. माणूस मध्यावर आला की फळी लवते, टोकं आत ओढली जातात आणि शिडीलाही सोबत ओढतात. सकाळी बरोबर लावलेली शिडी दुपारपर्यंत इंच-दोन इंच सरकलेली असते, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर जुन्या सुतारांची युक्ती आजही उत्तम आहे. फळीच्या खालच्या बाजूला, टेकूच्या जागेपाशी लाकडाची एक आडपट्टी स्क्रूने पक्की बसवायची. ती टेकूला अडकते आणि फळी सरकायची थांबते. पाच मिनिटांचं काम आहे. मी आता फळी उलटी करून ही पट्टी आहे का ते आधी बघतो. ती नसेल तर चढू देत नाही.

आणि शिडीचे पाय जिन्याच्या अरुंद पायरीवर, विटेवर किंवा रंगाच्या रिकाम्या डब्यावर टेकवून उंची जुळवायची नाही. डबा वरून सरळ दाबला तर बराच भार घेतो, पण भार जरा तिरका झाला की चेपतो.

रंगाखाली दडलेली चीर

वाचकांनी एवढं एक तरी घरी करून बघावं. रंगाऱ्याची जुनी फळी पाहा. वर्षानुवर्षांचे ओघळ, चुना, प्रायमर, चार-पाच रंगांचे थर. एका फळीवरचा असा थर मी लांबीच्या पत्र्याने खरवडला तेव्हा खाली कडेपासून आत गेलेली, नखाने चाचपता येणारी चीर निघाली. वरून तिचा मागमूस नव्हता. रंगाने ती भिंतीतल्या भेगेसारखी नीट भरून टाकली होती.

म्हणूनच लाकडी फळ्यांना अपारदर्शक रंग लावायला परांचीच्या नियमांत मनाई आहे. ओळखीसाठी फक्त कडा रंगवायची मुभा असते. रंगकामात फळीवर सांडणारच, ते टाळता येत नाही. पण ओलं आहे तोवर पुसणं आणि काम संपल्यावर खरवडणं हातात आहे. खरवडताना गाठी, चिरा, वाळवीची भोकं, कुजून मऊ पडलेले कोपरे पाहून घ्या. कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज रुतलं तर ती फळी सरपणात टाका. खुणेने बाजूला ठेवू नका, कारण दोन महिन्यांनी दुसरं कुणीतरी ती उचलून वापरतं.

फळी तपासायला तिच्यावर उड्या मारून बघण्याची पद्धतही सोडून द्यायला हवी. एकदम टाकलेलं वजन शांतपणे ठेवलेल्या वजनापेक्षा दुप्पट परिणाम करतं, आणि उंचावरून उडी मारली तर त्याहून कितीतरी जास्त. फळी त्या उडीला टिकते, पण आतले तंतू तुटायला सुरुवात झालेली असू शकते. मग ती खऱ्या कामाच्या वेळी तुटते. याच कारणाने परांचीला प्रत्यक्ष येणाऱ्या भाराच्या चौपट भार पेलण्याची क्षमता मागितली जाते. ओलं लाकूड कोरड्यापेक्षा कमजोर असतं, कुणी बादली घेऊन वर चढतं, कुणी घाईत वरून फळीवर उतरतं. हे सगळं त्या चौपटीत खर्ची पडतं. ती शिल्लक आहे असं समजून एका फळीवर दोन माणसं चढवायची नसतात.

'शिडी असताना फळी कशाला?'

शिडीवर माणसाने एका हाताने धरून राहावं अशी अपेक्षा असते. रंगाऱ्याच्या एका हातात ब्रश, दुसऱ्यात डबा. धरायचं कशाने? दुसरं असं की शिडीवरून कमरेत न झुकता दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम तीन-चार फूट भिंत हाताला येते. पुढच्या पट्ट्यासाठी खाली उतरायचं, शिडी सरकवायची, परत चढायचं. दहाव्या खेपेला कंटाळा येतो आणि माणूस 'एवढं एक वीतभर' म्हणून झुकतो. बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर गेली की पडण्याची सुरुवात झाली असं समजावं.

ब्रिटनमधल्या सुरक्षा मार्गदर्शनात शिडी एका वेळी ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ उभं राहण्यासाठी वापरू नये असं सांगितलेलं आहे. बल्बभोवतीचा डाग पुसायला शिडी ठीक. अख्खी भिंत घासून, लांबी भरून, दोन हात मारायचे असतील तर सपाट, रुंद जागाच हवी.

त्याहीआधी एक प्रश्न विचारा: हे काम खालून होईल का? लांब दांड्याचा रोलर लावला तर साध्या उंचीच्या खोलीचं छत आणि भिंतीचा बराचसा भाग जमिनीवर उभं राहून होतो. मग वर चढायचं ते फक्त कडा आणि कोपऱ्यांपुरतं. चढण्याच्या दहा खेपांपैकी सात वाचल्या तर तेवढ्या वेळा पडण्याची शक्यताच उरत नाही.

'पाच-सहा फुटांवर कसली भीती?'

६ फुटांवरून पडलेला माणूस जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. त्याला लागणारा वेळ सेकंदाच्या सहा दशांशाच्या आसपास. 'अरे' म्हणेपर्यंत डोकं खाली. फरशी कठीण, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा धारदार, आणि घरात सामान मांडलेलं.

अमेरिकी नियम परांचीवर १० फुटांच्या वर पडण्यापासून संरक्षण सक्तीचं करतात. ब्रिटनने २००५ साली नियम बदलताना किमान उंचीची अटच काढून टाकली: जिथून पडून इजा होऊ शकते ती प्रत्येक जागा उंचावरचीच मानायची. मला दुसरा विचार जास्त पटतो. घरातलं रंगकाम जवळजवळ सगळं १० फुटांच्या खालीच चालतं.

'कठडा लावला तर भिंतीला हात कसा पोचणार?' ही शंका रास्त आहे, पण कठडा भिंतीच्या बाजूला नसतोच. परांची भिंतीपासून १४ इंचांच्या आत असेल तर त्या बाजूला भिंतच अडसर होते. कठडा पाठीमागे हवा. लांबी घासताना माणूस भिंतीला जोर लावतो आणि भिंत त्याला तेवढ्याच जोराने मागे ढकलते. पत्रा अचानक सटकला की तो पाठीवर पडतो. पाठीमागे कमरेपेक्षा जरा वर आडवी दांडी असली तर ती धडक दांडीवर जाते.

'आयुष्यभर असंच काम केलंय'

अनुभवी रंगारी हे म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नाहीत. त्यांचे पाय फळी ओळखतात. पण जी फळी नऊ इंच बाहेर गेल्यावर उलटते, तिच्यावर सात इंचांपर्यंत वीस वर्षं काहीही होत नाही. ती वीस वर्षं फळी सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. फक्त त्या दोन इंचांत पाऊल पडलं नाही, एवढंच त्यावरून कळतं. शिवाय अनुभव असतो उस्तादाला, आणि टोकाशी कोपरा घासायला पाठवतात नव्या मुलाला.

काम करवून घेणाऱ्यानेही यात अंग काढून घेऊ नये. 'उद्यापर्यंत संपवा' असं आपण म्हणतो, तेव्हा घोडी सरकवण्याची पाच मिनिटं आपणच कापलेली असतात.

घराबाहेरची भिंत

बाहेर सांगाडा मोठा होतो, नियम तेच राहतात. पाइपचे पाय थेट मातीवर टेकवले तर सगळा भार तळहाताएवढ्या जागेवर येतो आणि पाऊस झाला की एक पाय रुततो. म्हणून खाली पत्र्याची बैठक आणि तिच्याखाली जाड लाकडी पाट हवा. पायाच्या अरुंद बाजूच्या चौपटीहून उंच गेलेली परांची इमारतीला पक्की बांधावी लागते. चाकांची परांची असेल तर काम करताना चाकांचे ब्रेक लावायचे, आणि हलवताना वर कुणी राहायचं नाही. उघड्या वीजवाहिन्यांपासून किमान १० फूट लांब राहायचं. हे अंतर माणसापासून नाही, त्याच्या हातातल्या ॲल्युमिनियमच्या रोलरदांड्याच्या टोकापासून मोजायचं.

उंच इमारतींना दोरांवर लटकणारा झुला लावतात. गच्चीवर तुळई ठेवून तिचं एक टोक कठड्याबाहेर काढतात आणि त्याला झुला टांगतात. आतल्या टोकावर वजन रचतात. नीट पाहिलं तर हाही आमच्या जिन्यातलाच सी-सॉ आहे: बाहेर माणसं, मध्ये टेकू, आत वजन. फरक एवढाच की इथे आतलं वजन झुल्याच्या उलटवणाऱ्या जोराच्या किमान चौपट जोर थोपवेल इतकं असावं लागतं. ते वजन वाळूच्या गोण्यांचं चालत नाही. गोणी फाटली की वाळू हळूहळू गळते आणि खाली लटकलेल्या माणसाला ते कळत नाही. आणि झुल्यावरच्या प्रत्येकाच्या सुरक्षा पट्ट्याचा दोर झुल्याला नाही, वेगळा, इमारतीच्याच भक्कम भागाला बांधलेला लागतो.

आमच्या जिन्यातली ती फळी नंतर ९ फुटांवर कापून घेतली. उरलेल्या ३ फुटांतून दोन आडपट्ट्या निघाल्या आणि त्या तिच्याच पोटाला बसवल्या.